‘मुख्य रस्त्यावर गळा भाड्याने देणे आहे’: ऑनलाइन जाहिरात लिहिण्याआधी वाचा

‘मुख्य रस्त्यावर गळा भाड्याने देणे आहे. शटर नवीन, पुढे पार्किंग.’ गाळ्याचा काना पडला, बाकी मजकूर चोख. ‘दोन एकर मला विकणे आहे, विहिरीसह.’ शेतकरी विकायला निघालाय मळा. पण इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणाऱ्या फोनला ‘मळा’पेक्षा ‘मला’ जास्त ओळखीचं. त्याने ते पुढे केलं आणि घाईत बोट तिथेच पडलं. शिवाय ‘सेंद्रिय खंत मिळेल, पोत्याला २५० रुपये’ हेही आहेच. अनुस्वाराला पैसे पडत नाहीत, त्यामुळे लोक तो सढळ हाताने देतात.

दुसऱ्याच्या जाहिरातीत हे वाचायला झकास वाटतं. आपल्याच जाहिरातीचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर फिरायला लागला की मात्र पंचाईत होते. फोन येतात ते चेष्टेचे, आणि वस्तू घरात जागा अडवून तशीच. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिराती घ्यायच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. आता ओळखीपाळखीचे लोक मार्केटप्लेसवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी मजकूर पाठवतात आणि ‘जरा नजर टाक’ म्हणतात. ती नजर कुठे, कोणत्या क्रमाने टाकायची, ते इथे लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सगळ्या चुका सारख्या वजनाच्या नसतात. ‘फ्रिज’ लिहिलंत की ‘फ्रीज’, यावरून कुणाचा सौदा फिसकटलेला मी पाहिला नाही. जिच्यामुळे वस्तू बदलते, नकार हरवतो, आकडा फिरतो किंवा कुणाचा गुण कुणाला चिकटतो, ती चूक आधी शोधायची. बाकीच्या नंतर, वेळ उरला तर. आणि ‘म्हस इकायची हाय, दूध चांगलं देती’ अशा जाहिरातीला मी हातसुद्धा लावत नाही. ती चूक नाहीच, ती बोली आहे, आणि गिऱ्हाईकही तीच बोलतं.

पायरी १: वस्तूचं नाव एकट्याने वाचा

पूर्ण वाक्य वाचू नका. वाक्य वाचताना डोळा अर्थ स्वतःच भरून घेतो. ‘गळा’ लिहिलेलं असलं तरी मेंदू ‘गाळा’ वाचतो. म्हणून वस्तूच्या नावावर बोट ठेवा आणि तेवढाच शब्द अक्षर-अक्षर वाचा. बहुतेक विनोद चार ठिकाणी घडतात.

पहिलं ठिकाण अनुस्वाराचं. ‘वन बीएचके भांड्याने देणे आहे’ हा यातला राजा. त्याच्या मागोमाग ‘वरच्या मांडीसह स्वतंत्र घर’, कारण माडीवर एक टिंब जास्त चढलं. उलटही होतं: कुंडीतला अनुस्वार गळला की ‘मातीची कुडी, तुळशीसह, ८० रुपये’. संतांनी देहाबद्दल जे सांगितलं ते इथे किंमतीसकट आलं. भाडे-भांडे, माडी-मांडी, कुंडी-कुडी, खत-खंत, रग-रंग या जोड्या घरगुती जाहिरातींत वारंवार येतात. तेवढ्या लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ निभावतं.

दुसरं ठिकाण ळ आणि ल यांचं. मळ्याचं झालं ते वर आलंच. ‘भेटण्याची वेल सायंकाळी ५ ते ७’ असं लिहिलं तर बागकामाची हौस असलेले येतील. ‘चूल’ची ‘चूळ’ झाली की ‘मातीची चूळ, ऑर्डरप्रमाणे बनवून मिळेल’ असं काहीतरी तोंड धुण्याचं प्रकरण तयार होतं. इंग्रजी अक्षरांतून टाइप करणाऱ्यांचा हा कायमचा त्रास, कारण त्या लिपीत दोन्हींना एकच अक्षर. देवनागरी अक्षरं थेट उमटवणारा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असाल तर ‘एन’च्या कळीवर ल आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ळ. एकदा बोटात बसलं की ही चूक कायमची जाते.

तिसरं हकाराचं. ‘सागवानी पाठ, सहा नग, पंगतीसाठी’ म्हणजे पाटाची पाठ झाली. ‘लोखंडी धार, बिजागऱ्यांसह’ हा दाराचा मामला. बोलून टाइप करणाऱ्यांच्या मजकुरात हे जास्त दिसतं. पंखा सुरू असला किंवा बाहेर रिक्षा वाजत असली की फोनला प आणि फ, ट आणि ठ यांतलं अंतर कळत नाही.

चौथं ठिकाण मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून त्याला वेगळी पायरी.

पायरी २: ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांची झडती

लग्नसराईत हमखास दिसणारी जाहिरात: ‘अनुभवी आचार्यांची टीम उपलब्ध. व्हेज, नॉनव्हेज, मालवणी स्पेशल.’ दाढीवाले, उपरणं घेतलेले, वेदांतावर बोलणारे लोक कोंबडी-वडे तळताहेत असं चित्र उभं राहतं. हवे होते आचारी, म्हणजे ‘आचाऱ्यांची टीम’. तसाच ‘स्टेनलेस स्टीलच्या तीन सूर्यांचा संच, धार लावलेला’. एका सूर्याने उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, हे तीन विकताहेत. म्हणायचं होतं ‘सुऱ्यांचा’.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. मूळ शब्द मनात आणा. त्याच्या शेवटी री, रा किंवा रे सुटं ऐकू येत असेल, तर रूप बदलल्यावर चंद्रकोरीसारखा ऱ्य येतो: आचारी-आचाऱ्यांची, सुरी-सुऱ्या, बकरी-बकऱ्या, दोरी-दोऱ्या, पायरी-पायऱ्या. मूळ शब्दातच र आणि य जोडलेले असतील तर रफार: सूर्य, आचार्य, कार्य. उच्चारातही फरक आहे. ‘आचार्यांना’ म्हणताना चा वर जोर पडतो, ‘आचाऱ्यांना’ म्हणताना पडत नाही.

हे अक्षर लोक चुकवतात त्याचं खरं कारण अज्ञान नसून कीबोर्ड आहे. ऱ सापडत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये ‘जे’च्या कळीवर र आहे आणि शिफ्ट धरून ऱ. फोनवरच्या बऱ्याच कीबोर्डांत र दाबून धरला की वर पर्याय उघडतो. तेही जमेना तर ‘बऱ्याच’ हा शब्द कुठूनतरी उचलून चिकटवा आणि नको ती अक्षरं खोडा. गावठी उपाय आहे, पण चालतो. मुऱ्हा म्हैस विकणाऱ्यांनाही हाच ऱ लागतो. ‘मुरा म्हैस’ लिहिलं तर जाणकार ओळखतो, पण शोधपेटीत ‘मुऱ्हा’ टाकणाऱ्याला तुमची म्हैस दिसणार नाही.

पायरी ३: ‘न’ कुठे गेला ते पाहा

ही पायरी विनोदाची कमी आणि पैशाची जास्त. ‘न वापरलेला मिक्सर’ यातला न पडला तर किंमत निम्म्यावर येते. जागा सोडायची राहिली तर ‘नवापरलेला’, आणि कीबोर्डने तो आपल्या परीने सुधारला तर ‘नवा परलेला’. परलेला म्हणजे काय हे विचारायला खरंच फोन येतात.

माझा सल्ला असा की सुटा ‘न’ वापरूच नका. ‘खोकं अजून उघडलेलं नाही’ यातही नकार आहे, पण तो ‘नाही’ वाक्याच्या शेवटी ठसठशीत दिसतो, सहज गळत नाही. ‘सील कायम’ तर आणखी बरं.

विरामचिन्हांचंही इथेच उरकून घ्या. ‘भाव कमी होणार नाही विचारून बघा’ हे वाक्य दोन माणसं दोन तऱ्हेने वाचतात. ‘भाव कमी होणार नाही.’ इथे पूर्णविराम दिला आणि पुढचे दोन शब्द काढून टाकले, की घासाघीस करणारे निम्मे फोन वाचतात. खरोखर कमी करायची तयारी असेल तर ‘किंमत बोलून ठरवू’ असं स्पष्ट लिहा.

प्रत्यय तोडायची खोडही वाढली आहे: ‘गाडी ची कागदपत्रे’, ‘मुलां साठी टेबल’, ‘घरा जवळ’. हिंदीत नामानंतरचे का-की-के सुटे लिहितात, मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जोडून येतात. फोन शब्द सुचवताना प्रत्येक तुकड्यानंतर जागा सोडतो, म्हणून हे होतं. मागे जाऊन जागा पुसायची, एवढंच.

पायरी ४: गुण कुणाचा, कुणाला चिकटला

एक जाहिरात जवळून पाहू. नमुना मी रचलाय, पण या साच्यातल्या जाहिराती रोज येतात:

‘पंढरपुरी म्हैस विकणे आहे. दुसऱ्या वेताची. मालक नोकरीनिमित्त पुण्याला. स्वभावाने गरीब, लाथ मारत नाही, दोन्ही वेळचं मिळून सहा लिटर. खाली पंधरा दिवसांची रेडी.’

यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तरी वाचणारा हसतो, कारण ‘स्वभावाने गरीब’पाशी पोचेपर्यंत म्हैस मागे राहिलेली असते आणि समोर मालक उभा असतो. लाथ मारत नाही हे त्याच्याबद्दल कळलं, बरं वाटलं. सहा लिटरचं मात्र आश्चर्य आहे. मराठीत वाक्यातला कर्ता गाळता येतो ही सोय आहे, पण गाळलेला कर्ता वाचणारा मागच्याच नामातून उचलतो. उपाय एकच: वस्तूबद्दलचं सगळं एका दमात संपवायचं, मालकाला शेवटी एका वाक्यात आणायचं.

‘पंढरपुरी म्हैस, दुसऱ्या वेताची, खाली पंधरा दिवसांची रेडी. दोन्ही वेळचं मिळून सहा लिटर दूध. स्वभावाने गरीब, कुणालाही धार काढू देते. मालक नोकरीनिमित्त पुण्याला गेल्याने विकणे आहे.’

दुसरा प्रकार विशेषणाच्या शेपटीचा. ‘चालू स्थितीतल्या आजोबांची व्हीलचेअर’ आणि ‘आजोबांची चालू स्थितीतली व्हीलचेअर’ यांत शब्द तेच आहेत. जागा बदलली आणि ‘तल्या’चं ‘तली’ झालं. मराठी विशेषण आपल्या शेवटावरून सांगतं की ते कुणाचं आहे. ‘एकही ओरखडा नसलेल्या डॉक्टर बाईंची स्कूटर’ इथे ‘नसलेल्या’ने बाईंचा हात धरलाय. घाईत ही शेपटी तपासत बसण्यापेक्षा वाक्य फोडा: ‘डॉक्टर बाईंनी वापरलेली स्कूटर. एकही ओरखडा नाही.’

पायरी ५: ‘विकणे आहे’ की ‘विकायचं आहे’

‘विकणे आहे’, ‘भाड्याने देणे आहे’ ही भाषा छोट्या जाहिरातींतून आली. तिथे शब्दांवर किंवा ओळींवर पैसे लागत, म्हणून जितकं आखूड तितकं बरं. तिचा दुसरा फायदा कुणी सांगत नाही: ती लिंगाप्रमाणे बदलत नाही. फ्रीज विकणे आहे, सायकल विकणे आहे, कपाट विकणे आहे. तुम्ही मोकळ्या भाषेत लिहायला गेलात की विकायचा, विकायची, विकायचं असं तिघांना वेगवेगळं सांभाळावं लागतं, आणि एकाच जाहिरातीत तीन वस्तू असतील तर गोंधळ ठरलेला. ‘सोफा, टेबल आणि गादी विकायची आहे’ असं लिहिलं की गादीच विकायची आहे असं वाटतं. जुनं ‘विकणे आहे’ वापरा.

पायरी ६: ऱ्हस्व-दीर्घ, एकाच नियमात

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम एकूण १८ आहेत, १४ पहिले १९६२चे आणि ४ पुढे १९७२ साली आलेले. कपाट विकण्यासाठी ते सगळे पाठ करायला मी सांगणार नाही. जाहिरातीपुरता एक पुरतो: साध्या मराठी शब्दाच्या शेवटी अ असेल तर त्याआधीचा इ किंवा उ दीर्घ, आणि त्याच शब्दाचं सामान्यरूप झालं की तो ऱ्हस्व. जमीन, पण जमिनीचा भाव. वीट, पण विटांची भट्टी. फूट, पण फुटाला दर. चूल, पण चुलीवरचं. फूल, पण फुलांची परडी. ‘जमीनीचा’ आणि ‘फूटाला’ एवढे दोन शब्द सुधारले तरी प्लॉटच्या निम्म्या जाहिराती शुद्ध होतील.

अर्थ फिरवणारी एक जोडी तेवढी सांगतो. सूत म्हणजे धागा, सुत म्हणजे मुलगा. ‘हातमागासाठी सुत घाऊक दरात मिळेल’ असं लिहून कुणाला पोलिसांकडे पाठवू नका.

पायरी ७: आकडे, दोनदा

इथे हसू कमी आणि भुर्दंड जास्त. ८ डिसेंबर २००५ रोजी टोकियोच्या शेअर बाजारात मिझुहो सिक्युरिटीजला जे-कॉम या कंपनीचा १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. संगणकात गेलं ते उलटं: ६,१०,००० शेअर, प्रत्येकी १ येन. तोटा सुमारे ४० अब्ज येनचा. तुमच्या फॉर्मवर ‘किंमत’ आणि ‘नग’ असे दोन रकाने शेजारी असतात, तेव्हा हे आठवा.

देवनागरी आकडे सुंदर दिसतात, पण काही फॉन्टांत १ आणि ९ बारीक अक्षरात सारखे भासतात. फोन नंबर चुकला तर भलत्याच माणसाला तुमच्या कपाटाचे फोन जातात. तो नंबर अंकांचे गट पाडून लिहा, आणि टाकल्यावर दुसऱ्या फोनवरून त्याच नंबरला एक मिस्ड कॉल द्या.

रक्कम अंकांत आणि अक्षरांत, दोन्हीत लिहा. ‘पावणेदोन लाख’ हे वडीलधाऱ्यांना लगेच कळतं, पण कॉलेजच्या पोराला विचारा. तो २,७५,००० म्हणण्याची शक्यता आहे. १,७५,००० असं सोबत दिलं की वाद नाही.

जमिनीत तर एका शून्याने दसपट फरक पडतो. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं आणि आपण बोलतो गुंठ्यांत. १ गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट; ४० गुंठ्यांचा एकर. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित कमी. म्हणून ०.४० हेक्टर म्हणजे जवळपास एकर, आणि ०.०४ हेक्टर म्हणजे चार गुंठ्यांच्या आतबाहेर. जाहिरातीत ‘०.४’ एवढंच लिहू नका. ‘४० आर’ असं लिहा.

एक शब्द आकड्यांच्या जवळचा म्हणून इथेच. ‘पेटी विकणे आहे, ८,०००’ यात पेटी कोणती? गाण्याच्या क्लासला जाणारा हार्मोनियम समजेल, रत्नागिरीकर आंबा समजेल, आजी पत्र्याची ट्रंक समजेल, आणि मुंबईत कुणीतरी एक लाख रुपये आठ हजारांना मिळताहेत म्हणून खूश होईल. अशा शब्दाच्या आधी एक विशेषण लावायला काही जात नाही: बाजाची पेटी, आंब्याची पेटी, पत्र्याची पेटी.

पायरी ८: यंत्राला भाषांतर करू देऊ नका

इंग्रजीत लिहून बटण दाबलं की मराठी तयार, असं वाटतं. मग ‘छताचा चाहता, तीन वेगांचा’ येतो. पंखा आणि चाहता यांना इंग्रजीत एकच शब्द, यंत्राने त्यातला प्रेमळ निवडला. ‘वसंत ऋतूची गादी’ ही स्प्रिंगची गादी. ‘वाफेचं लोखंड’ ही इस्त्री. ‘बिनतारी उंदीर, पॅडसह’ कळायला अवघड नाही. ‘मोफत घरपोच प्रसूती’ मात्र सोफ्याच्या जाहिरातीत वाचून माणूस दचकतो. यंत्रं सुधारत चालली आहेत हे खरं, पण दोन शब्दांच्या शीर्षकात त्यांना संदर्भच मिळत नाही, आणि जाहिरातीचं शीर्षक दोन शब्दांचंच असतं.

घरात आपण स्प्रिंगची गादी, माऊस, डिलिव्हरी असंच म्हणतो. तेच देवनागरीत लिहा. इंग्रजी वाचणारं गिऱ्हाईकही हवं असेल तर खाली वेगळी ओळ स्वतः लिहा.

डीटीपीवाल्याकडून पत्रक करून घेतलं असेल आणि तोच मजकूर चिकटवणार असाल तर एक पथ्य. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांतला मजकूर ऑनलाइन टाकला की तिथे इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. तो आधी युनिकोडमध्ये करून मागा.

पायरी ९: दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या

वाचणारा शक्यतो असा निवडा की त्याला वस्तू माहीत नाही. त्याने वाचल्यावर विचारा: काय विकतोय, किती, केवढ्याला, चालू आहे का? चार उत्तरं बरोबर आली की टाकून द्या. अडखळला तिथे चूक आहे, भले व्याकरणाच्या पुस्तकात ती नसेना.

खरेदीदारांनो, आता तुमच्याकडे

चुकीच्या स्पेलिंगची वस्तू कमी लोकांना सापडते, म्हणून स्वस्त जाते. २००७ सालचा ई-बेवरचा किस्सा प्रसिद्ध आहे. १८५२ साली आर्क्टिक मोहिमेसाठी बनवलेल्या ऑलसॉप आर्क्टिक एल या बिअरची जुनी बाटली विकणाऱ्याने नावातला एक ‘पी’ गाळला. शोधणाऱ्यांना ती दिसलीच नाही, आणि ३०४ डॉलरला गेली. घेणाऱ्याने बरोबर स्पेलिंग करून पुन्हा विक्रीला लावली, तेव्हा बोली ५,०३,३०० डॉलरपर्यंत चढली. तो सौदा काही पुरा झाला नाही, पण एका अक्षराचा हिशेब कळला.

आपल्याकडे हीच युक्ती अशी वापरा: एकच वस्तू चार रूपांत शोधा. टीव्ही, टिव्ही, टी. व्ही. आणि इंग्रजीत. हार्मोनियम, हार्मोनिअम, पेटी. पैठणी इंग्रजी अक्षरांत शोधताना मधला ‘ए’ घालून आणि गाळून, दोन्ही बघा. जुनं लाकडी सामान शोधताना ‘शिसम’, ‘शिसव’, ‘शिसवी’ तिन्ही टाका.

सापडलं की विकणाऱ्याची चूक खाली सगळ्यांसमोर काढू नका. खासगीत विचारा, ‘गाळाच ना?’ मग वस्तू, नग आणि एकूण रक्कम मेसेजमध्ये लिहून मागवा.

मोडकी भाषा म्हणजे फसवणूक असं समजू नका; चांगल्या माणसांची भाषाही घाईत मोडते. संशय घ्यायचा तो वेगळ्या गोष्टीचा. तीच विचित्र चूक, त्याच वाक्यात, पाच शहरांतल्या पाच विक्रेत्यांकडे दिसली तर लिहिणारा एकच आहे. त्यात पुन्हा तो बदली झालेला फौजी असल्याचं सांगत असेल आणि वस्तू दाखवण्याआधी पैसे मागत असेल, तर तिथून निघा. विकताना तुम्हाला कुणी ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणालं तर फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट चुकांसकट जपून ठेवा.